उत्तर ठाऊक नसलेला एक प्रयोग : विज्ञान अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या विज्ञान अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

विषय : पदवीचा संशोधन प्रकल्प आणि त्याआधीची प्रात्यक्षिके

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी आपल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. त्या पहिल्या तुकडीतील जे विद्यार्थी पुढे शिकायचे ठरवतील ते २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला येतील. स्वायत्त महाविद्यालये एक वर्ष पुढे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दिलेल्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला ‘संशोधनासह ऑनर्स’ ही वाट घेता येते आणि तीत १२ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) संशोधन प्रकल्प असतो. या १२ श्रेयांकांचा तपशील सध्या आपल्या मंडळांपुढे असणार, म्हणून हे पत्र. मी तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. संशोधनाची सुरुवात कशी करावी, हा प्रश्न मला विद्यार्थ्यांनी दरवर्षी विचारला आणि त्याचे उत्तर मी बराच काळ चुकीचे देत आलो. विषय निवड, शीर्षक ठरव, संदर्भ गोळा कर, असे मी सांगत असे. आज माझे मत असे आहे की विद्यार्थी संशोधनाला लागेल की नाही याचा निकाल चौथ्या वर्षी लागत नाही, तो प्रथम वर्षाच्या अनुमापनाच्या (टायट्रेशनच्या) प्रात्यक्षिकात ब्युरेटसमोरच, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडणाऱ्या मापनळीसमोरच, लागून गेलेला असतो.

त्या प्रात्यक्षिकाचा तक्ता आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी तपासला आहे. रंग बदलायला किती मिलिलिटर द्रावण लागले याचे अंदाजी, म्हणजे पायलट, रीडिंग १० ते ११, मग पहिले, दुसरे आणि तिसरे रीडिंग, आणि शेवटच्या रकान्यात सीबीआर, म्हणजे कायम आलेले ब्युरेट रीडिंग. तिन्ही रीडिंग १०.२, सीबीआर १०.२. ब्युरेटवरची सर्वांत लहान खूण ०.१ मिलिलिटरची, थेंब कधी मोठा पडतो, गुलाबी रंग एकाच्या डोळ्याला आधी दिसतो आणि दुसऱ्याच्या उशिरा. तरी वीस जणांच्या बॅचमध्ये वीस जणांची साठ रीडिंग दशांशापर्यंत तंतोतंत जुळतात. हे कसे घडते ते मी टेबलामागून पाहिले आहे. मुलाचे पहिले रीडिंग ९.८ येते, दुसरे १०.३ येते, तो शेजाऱ्याला हळूच विचारतो, “तुझं किती आलं?” शेजाऱ्याच्या बाकाखाली मागच्या वर्षीच्या मुलाचे जर्नल उघडे असते. दोघेही १०.२ लिहितात, शिक्षक सही करतात आणि जर्नल सर्टिफाय होते. त्या सह्यांत माझ्याही हजारो सह्या आहेत. मी त्या का केल्या, याला कारणे होती. बॅच मोठी होती, वेळ संपत आलेला असे आणि परीक्षेत ‘खऱ्या’ उत्तराच्या जितके जवळ तितके गुण, हा नियम मी केलेला नव्हता. तरी सही माझी होती.

याला आपल्याकडे ‘रीडिंग ॲडजस्ट करणे’ म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना कोणालाही अवघडल्यासारखे होत नाही. मुलगा लबाड आहे असे मला म्हणायचे नाही. उत्तर आधीच ठरलेले आहे आणि आपले काम तिथवर पोहोचल्याचे दाखवणे एवढेच आहे, हे आपण त्याला सहा सत्रे शिकवतो आणि हुशार मुलगा ते चटकन शिकतो. मग ७५ टक्के गुण मिळवून तोच मुलगा सातव्या सत्रात प्रकल्पासाठी समोर येईल आणि पहिल्याच दिवशी विचारेल, “सर, निष्कर्ष काय यायला हवा?” तृतीय वर्षाच्या प्रकल्पांत हा प्रश्न मला एकदा नव्हे, अनेकदा विचारला गेला आहे आणि विचारणारे बहुतेक वेळा वर्गातले चांगले विद्यार्थी होते.

न जुळणाऱ्या रीडिंगची किंमत काय असते, हे रसायनशास्त्राच्या इतिहासात एका ठिकाणी फार स्वच्छ दिसते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन काढून मिळवलेला नायट्रोजन त्यांच्या काचगोलात सुमारे २.३१० ग्रॅम भरत असे, आणि रासायनिक संयुगांपासून तयार केलेला तोच नायट्रोजन त्याच गोलात सुमारे २.२९९ ग्रॅम भरत असे. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आपल्या प्रयोगशाळेत हा फरक ‘एरर’ म्हणून दोन ओळींत गुंडाळला गेला असता आणि त्यावर पूर्ण गुणही मिळाले असते. रॅले यांना हा फरक आधी याहूनही लहान दिसला होता, तरी १८९२ मध्येच त्यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक छोटे पत्र लिहून वाचकांनाच विचारले की याचा अर्थ कोणी सांगू शकेल काय. पुढे विल्यम रॅमसे यांच्यासह त्यांनी त्या फरकाचा पाठलाग केला आणि १८९४ मध्ये हवेत जवळजवळ एक टक्का असलेला, तोवर कोणाच्या ध्यानातही न आलेला अरगॉन हा वायू हाती लागला. अरगॉन आपण प्रथम वर्षाला शिकवतो आणि तो कसा सापडला तेही सांगतो. मग घंटा होते आणि मुले खालच्या प्रयोगशाळेत १०.२ लिहायला जातात.

आता मी प्रत्यक्ष पाहिलेली एक सुरुवात सांगतो. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट आहे. तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी प्रकल्पाचे शीर्षक घेऊन आली : ‘तालुक्यातील भूजलाच्या गुणवत्तेचे विश्लेषण’. अशी शीर्षके महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांत तयार मिळतात; आतला मजकूर तोच ठेवून फक्त तालुक्याचे नाव बदलायचे असते. मी ते शीर्षक बाजूला ठेवले आणि तिला सहज विचारले की घरी पाणी कुठले वापरता. ती म्हणाली, “प्यायला बोअरचं. पण डाळ त्यात शिजत नाही, म्हणून आई डाळीपुरतं आडाचं पाणी आणते.” हे तिने तक्रार म्हणून सांगितले, त्यात तिला प्रश्न दिसला नव्हता. मी म्हटले, हे खरे आहे का ते शोध. तिला वाटले मी चेष्टा करतो आहे.

पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आले की ‘डाळ शिजली’ म्हणजे काय हेच तिला सांगता येत नाही. स्वयंपाकघरात आई एक दाणा चिमटीत दाबून पाहते आणि तेवढे पुरते. पण दोन पाण्यांची तुलना करायची तर चिमटीचा जोर दरवेळी सारखा हवा. शेवटी तिने ठरवले की प्रत्येक नळीत तुरीच्या डाळीच्या वीस पाकळ्या घालायच्या, सगळ्या नळ्या एकाच वॉटर बाथमध्ये ठेवायच्या, ठरावीक मिनिटांनी पाकळ्या काढून दोन काचपट्ट्यांत धरायच्या आणि वर २०० ग्रॅमचे वजन पाच सेकंद ठेवायचे. पाकळी पूर्ण पसरली आणि मध्ये पांढरा कडक कण उरला नाही तर ती शिजली. एवढे ठरवायला पंधरा दिवस गेले. प्रकल्पाच्या वेळापत्रकात या पंधरा दिवसांना कोठेही जागा नव्हती आणि अहवालात त्यांची दोन वाक्येही झाली नाहीत, पण माझ्या मते संशोधन सुरू झाले ते तिथे.

मग दुसरी अडचण आली. कोणती नळी बोअरच्या पाण्याची हे तिला माहीत असे आणि बोअरचे पाणी वाईट हे तिच्या मनात घरापासूनच बसलेले होते. पाकळी अर्धवट पसरली की ती नकळत तिला ‘कच्ची’ म्हणत असे. तिसऱ्या दिवशी तिने हे स्वतःच येऊन सांगितले, आणि मला ते फार आवडले. तेव्हापासून आमचे प्रयोगशाळा परिचर नळ्यांवर क, ख, ग अशी अक्षरे लिहीत आणि कोणते अक्षर कोणत्या पाण्याचे याची चिठ्ठी दिवसभर स्वतःच्या खिशात ठेवत. संध्याकाळी वहीत सगळे आकडे उतरल्यावरच चिठ्ठी बाहेर येई. त्याला एक पैसाही खर्च आला नाही.

पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण, तिने ईडीटीए या रसायनाच्या अनुमापनाने मोजला, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग दाखवणारा दर्शक घालून, लालसर जांभळ्यावरून निळ्यावर येईपर्यंत. हे प्रात्यक्षिक तिने आधीच्या वर्षी केलेले होते, जर्नलमध्ये सहीसकट होते, आणि तरी तिने ते पहिल्यांदा केले असे म्हणावे लागेल, कारण या वेळी उत्तर कोणत्याही जुन्या जर्नलमध्ये नव्हते. तिन्ही रीडिंग वेगवेगळी आली तेव्हा तिने चौथे घेतले, पाचवे घेतले, आणि आठवडाभराने तिचा हात खरोखरच बसला. बोअरच्या पाण्याचा कठीणपणा आडाच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सवलत आहे. हा आकडा तिला परीक्षेपासून पाठ होता, पण त्याचा घरच्या डाळीशी संबंध तिने तोवर लावला नव्हता.

यानंतर चूक झाली आणि ती माझी होती. पहिली डाळ संपली तेव्हा मी तिला म्हटले, कुठूनही आण, डाळ ती डाळच. नव्या डाळीवर ऊर्ध्वपातित पाण्यातल्या नळीलासुद्धा पूर्वीच्या बोअरच्या पाण्यापेक्षा जास्त वेळ लागू लागला. दोन दिवस आम्ही थर्मामीटरला दोष दिला. तिसऱ्या दिवशी तिने घरी हे सांगितले तेव्हा आई म्हणाली, “जुनी डाळ असेल.” उष्ण आणि दमट हवेत साठवलेले कडधान्य शिजायला कठीण होत जाते, हे पुस्तकातही आहे, आम्हाला ते पुस्तकाच्या आधी तिच्या आईकडून कळले. मग एकाच पोत्यातली दोन किलो डाळ आणून, नीट एकत्र करून, सगळे प्रयोग पुन्हा केले. आधीची पाने फाडायची नाहीत, एक तिरपी रेघ मारून बाजूला कारण लिहायचे, एवढा एकच नियम मी घातला होता आणि तो तिने पाळला.

पुढचा भाग मला स्वतःला शिकवून गेला. कठीण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनशी बांधले जातात, पेशी सुट्या होत नाहीत आणि डाळ अख्खी राहते. हे स्पष्टीकरण आम्हाला ठाऊक होते. तेव्हा ऊर्ध्वपातित पाण्यात कॅल्शियम क्लोराइड घालून त्याचा कठीणपणा बोअरच्या पाण्याइतका केला तर डाळ तेवढ्याच वेळात शिजायला हवी, असे तिने वहीत आधीच लिहून ठेवले. तसे झाले नाही. क्लोराइडच्या पाण्यात डाळ बोअरच्या पाण्यापेक्षाही उशिरा शिजली. तिने माझ्याकडे पाहिले आणि मी प्रामाणिकपणे सांगितले की मला माहीत नाही. वर्गात हे वाक्य मी त्या दिवसापर्यंत फार थोड्या वेळा उच्चारले असेन.

तेव्हा कुठे आम्ही वाचायला बसलो. दख्खनच्या बेसाल्टमधल्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या जोडीला मुख्यतः बायकार्बोनेट असते. पाणी उकळले की त्याचा काही भाग कार्बोनेट होऊन भांड्याच्या तळाशी पांढरा बसतो, म्हणजे डाळ शिजत असताना पाणी स्वतःच बदलत असते. आणि उरलेले बायकार्बोनेट पाणी किंचित अल्कधर्मी ठेवते, ज्यात पेक्टिन सुटायला मदत होते. आई अडल्या वेळी चिमूटभर खाण्याचा सोडा घालते तो याच कारणाने. बोअरच्या पाण्यात अडवणारे आणि सोडवणारे असे दोन्ही घटक एकत्र होते, आम्ही फक्त एक मोजला होता. तिच्या पुढच्या प्रश्नाला, म्हणजे या दोहोंचे प्रमाण कोणते असताना डाळ अडते याला, सत्र पुरले नाही.

वाचनाविषयी माझे म्हणणे या अनुभवावरून बनले आहे. प्रकल्पाच्या नियमावलीत ‘संदर्भ साहित्याचा आढावा’ हे पहिले प्रकरण असते, म्हणून विद्यार्थी पहिल्या महिन्यात चाळीस निबंधांचे सारांश एकाखाली एक चिकटवतो आणि त्यातला एकही वाचत नाही. स्वतःचा प्रयोग कोठेतरी अडलेला असेल तर तोच विद्यार्थी एकच निबंध घेऊन बसतो, त्यातला ‘पद्धती’ हा भाग तीनदा वाचतो आणि त्यांनी डाळ किती तास भिजवली होती हे शोधतो. साधनांची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीचे ‘रेझोनन्स’ हे नियतकालिक १९९६ पासून खास पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी निघते आणि संकेतस्थळावर फुकट वाचता येते. ‘करंट सायन्स’ही तसेच. ‘शोधगंगा’वर देशभरचे पीएच.डी.चे प्रबंध आहेत, आणि अडलेल्याला प्रबंध निबंधापेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण निबंधात जागेअभावी गाळलेली पद्धत प्रबंधात सविस्तर असते. फक्त हे सारे पहिल्या पायरीवर नको, तिसऱ्या-चौथ्या पायरीवर हवे.

उपकरणे नाहीत, ही सबब मी स्वतः फार वर्षे वापरली, म्हणून त्याविषयी एक उदाहरण. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते तेव्हा संख्याशास्त्र नीट समजावे म्हणून त्यांनी हाताशी असलेला एक प्रश्न घेतला. चलनातले नाणे हातोहात झिजते, तेव्हा जितका काळ फिरले तितके वजन कमी व्हावे आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जावा. हे त्यांनी आपल्या काळातल्या, बाजारात फिरणाऱ्या साध्या नाण्यांवर तपासले आणि तीच रीत प्राचीन चांदीच्या आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांना लावली. साधन होते एक चांगला तराजू आणि हजारो वेळा तीच कृती करण्याची चिकाटी. रॅले यांच्याकडेही अखेर तराजूच होता. बहुतेक अनुदानित महाविद्यालयांत काचेच्या पेटीतला तराजू आहे. माझ्या अनुभवात त्यातल्या अर्ध्यांवर धुळीचे फडके असते, कारण वार्षिक परीक्षेच्या यादीत आता त्याचे काम उरलेले नाही.

प्रकाशनाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो विषय नुसता चीड आणणारा आहे. एका संशोधन स्पर्धेत परीक्षक असताना मी सलग अकरा भित्तिपत्रकांपुढे उभा राहून एकच प्रश्न विचारला की हे माप किती वेळा घेतले. नऊ जणांनी ‘एकदा’ असे सांगितले, आणि त्यांतल्या चौघांचे निबंध आधीच ‘प्रसिद्ध’ झालेले होते. दीडदोन हजार रुपये घेऊन आठवड्यात निबंध छापणारी नियतकालिके विद्यार्थ्यांना सहज सापडतात, आणि मुखपृष्ठावरचा आयएसएसएन क्रमांक त्यांना दर्जाचा शिक्का वाटतो. वास्तविक तो नियतकालिकाच्या नोंदीचा क्रमांक आहे, दर्जाशी त्याचा संबंध नाही. पीएच.डी.च्या प्रबंधापूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती आयोगाने २०२२ च्या नियमांत ठेवलेली नाही. मग पदवीच्या प्रकल्पात प्रकाशनाला गुण देण्याचा मोह कोणत्याही मंडळाला होऊ नये. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या संगणक प्रणालीवरही फार विसंबू नये. ती उचललेले वाक्य पकडते, जुळवलेले रीडिंग तिला दिसत नाही.

आपणाकडे माझी मुख्य मागणी एकच आहे आणि तिला नवा निधी लागत नाही. प्रत्येक सत्राच्या प्रात्यक्षिकांच्या यादीत एक प्रयोग असा असावा, ज्याचे उत्तर शिक्षकालाही ठाऊक नाही. विद्यार्थ्याने आपल्या घरचे पाणी आणावे, शेतातली माती आणावी, बाजारातल्या लिंबांचे आम्ल मोजावे, गावच्या चुन्याची शुद्धता काढावी. पद्धत अभ्यासक्रमातलीच राहील, फक्त नमुना त्याचा असेल. या प्रयोगाला उत्तरावर गुण नसावेत. ते वहीवर असावेत : रीडिंग किती वेळा घेतले, ते किती पसरले, न जुळलेले रीडिंग ठेवले की खोडले, आणि खोडले तर कारण लिहिले का. सीबीआर हा रकाना अशा प्रयोगाच्या तक्त्यातून काढून टाकावा आणि त्याजागी सरासरी व तफावत लिहायला लावावी. सहा सत्रांत असे सहा प्रयोग जरी झाले तरी चौथ्या वर्षी येणारा विद्यार्थी निष्कर्ष काय यायला हवा असे विचारणार नाही.

चौथ्या वर्षाच्या प्रकल्पापुरते बोलायचे तर पहिले सहा आठवडे शीर्षक मागू नये. नोंदणीच्या अर्जात शीर्षकाचा रकाना असतोच आणि परीक्षा विभागाला तो भरलेला हवा असतो, हे मला ठाऊक आहे. तेथे ‘नंतर कळवण्यात येईल’ असे लिहिण्याची मुभा मंडळाने लेखी द्यावी. या सहा आठवड्यांत विद्यार्थ्याने फक्त पाहावे, मोजावे आणि पानांना क्रमांक घातलेल्या वहीत तारीखवार लिहावे. तोंडी परीक्षेला येणाऱ्या बाह्य परीक्षकांनी बांधलेल्या अहवालाआधी ती वही मागावी. मार्गदर्शक शिक्षकाला यासाठी कार्यभारात खरे तास मिळायला हवेत, नाहीतर हे सगळे पुन्हा सह्यांवर येईल.

त्या विद्यार्थिनीला प्रकल्पात वर्गातले सर्वाधिक गुण मिळाले नाहीत. बाह्य परीक्षकांनी निष्कर्ष अपूर्ण असल्याचा शेरा मारला आणि तो खराही होता. तिची वही, रेघ मारलेल्या पानांसकट, तिच्या परवानगीने माझ्याकडे आहे. मंडळाच्या बैठकीत ती पाहावयाची असल्यास मी स्वखर्चाने घेऊन येईन. सोबत वर सुचवलेल्या धर्तीच्या वीस प्रयोगांची, आपल्या प्रयोगशाळांत आज असलेल्या रसायनांत बसणारी, हस्तलिखित यादीही आणीन.

कळावे,

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक